फक्त कॉलर

कारखाना बंद झाला तेव्हा कॉलरबाईच्या मशीनखाली अर्धी कॉलर होती. सुपरवायझर स्टुलावर उभा राहून काहीतरी वाचत होता, पण पंख्यांच्या आणि मशिनींच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मग एकेक मशीन थांबत गेली तसं ऐकू यायला लागलं. मोठी ऑर्डर हातची गेली, मालकाने हात वर केले, आजपासून काम बंद, हिशेबाचं नंतर कळवू. बायका उठल्या. कुणी रडायला लागलं, कुणी सुपरवायझरला धारेवर धरलं. कॉलरबाईने आधी ती कॉलर पुरी केली. टोकं बाहेर काढली, कडेने टीप मारली, दोरा कापला आणि मगच ती उठली. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. नोकरी गेली हे डोक्यात शिरायला तिला तेवढा वेळ लागला, इतकंच.

तो शर्टांचा कारखाना होता, पण खरं सांगायचं तर तिथे शर्ट कुणालाच शिवता येत नव्हता. लांबलचक रांगेत मशिनी होत्या आणि प्रत्येक मशीनवर शर्टाचा एकच भाग. कुणी फक्त खिसे लावायचं, कुणी फक्त कफ, कुणी बाह्या जोडायचं, कुणी काजं करायचं. रांगेच्या एका टोकाला कापडाचे तुकडे यायचे आणि दुसऱ्या टोकाने शर्ट बाहेर पडायचा. मधे काय काय झालं हे विचारलंत तर ज्याला त्याला आपापलं वीतभर माहीत. माणसांची नावंही त्यावरूनच पडली होती. खिसेवाला, कफवाली, काजवाली, आणि ही कॉलरबाई.

कॉलर हे त्यातलं मानाचं काम. दोन्ही टोकं सारखी यायला हवीत, वळण गळ्याभोवती नीट बसायला हवं, इस्त्री फिरवल्यावर कुठे फुगा राहता कामा नये. कॉलरबाईने सतरा वर्षं दुसरं काही केलं नव्हतं आणि तिच्या हातची कॉलर तपासणीतून कधी परत आली नव्हती. याचा तिला गर्व होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

घरी नवरा, सासूबाई आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. नवरा बस चालवायचा. त्याचा पगार वेळेवर यायचा आणि वेळेच्या आधीच संपायचा. घरभाडं, मुलीची शिकवणी, सासूबाईंच्या गोळ्या, हे सगळं दोघांच्या पगारात कसंबसं बसत होतं. आणि त्यातच गेल्या वर्षी, चाळिशीच्या तोंडावर, कॉलरबाई परत कॉलेजात जायला लागली होती. रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये काम करायचं शिक्षण, दोन वर्षांचं, संध्याकाळचे वर्ग. कारखाना सुटला की डबा खायचा, बस पकडायची आणि विशीतल्या पोरापोरींबरोबर बाकावर बसायचं. पहिल्या दिवशी एका मुलाने तिला मॅडम समजून फळा पुसून दिला होता.

घरात एकच टेबल होतं. त्याच्या एका बाजूला मुलगी बसायची, दुसऱ्या बाजूला आई. रसायनशास्त्र मुलीचं पक्कं होतं आणि आईचं कच्चं, त्यामुळे घरातली सगळी व्यवस्था उलटीपालटी झाली होती. "आई, तू परत तीच चूक केलीस," असं मुलगी कपाळाला हात लावून म्हणायची आणि कॉलरबाई ओशाळून पुन्हा लिहायची. सासूबाई पलंगावर बसून ही गंमत बघायच्या. टीव्हीपेक्षा हे बरं, असं त्यांचं मत होतं.

पहिलं वर्ष ती पास झाली. चांगली पास झाली. दुसऱ्या वर्षाची फी महिनाअखेरीपर्यंत भरायची होती आणि तिने ठरवून ठेवलं होतं की या पगारातून ती जाईल. आता पगारच गेला होता. फी भरली नाही तर नाव कमी होणार, आणि एकदा नाव कमी झालं की पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, असा तिथला नियम. चाळिशीच्या बाईने तेच पहिलं वर्ष दुसऱ्यांदा करावं असा दिवस उगवणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गेलं तर गेलंच.

त्या संध्याकाळी ती वर्गाला न जाता घरी आली. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "होईल काहीतरी. माझं आहे ना चालू."

सासूबाई मात्र अजिबात खचल्या नाहीत. "त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? हातात कला आहे. माळ्यावर माझी मशीन पडली आहे, ती काढा. घरबसल्या शर्ट शिवशील. कारखान्याने काय दिलं असेल त्याच्या दुप्पट मिळवशील."

"हो ना," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आपल्याला फक्त कॉलर येते, ही गोष्ट सतरा वर्षांत कॉलरबाईने घरात कधी सांगितलीच नव्हती. ती शर्टांच्या कारखान्यात जाते म्हणजे शर्ट शिवते, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं आणि ते खोडून काढण्याची वेळ आली नव्हती. मुलीचा गणवेश ती कोपऱ्यावरच्या टेलरकडे टाकायची आणि "मला कुठे वेळ आहे" म्हणायची. सासूबाई तर बिल्डिंगभर सांगत फिरायच्या की बाजारात जे शर्ट मिळतात ना, ते आमची सून शिवते. आता या वयात, या दिवशी, नोकरी गेलेली असताना, मला शर्ट येत नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने काही सांगितलं नाही. "बघू," एवढंच म्हणाली. हे "बघू" तिला चांगलंच महागात पडलं.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई गिऱ्हाईक घेऊन आल्या. खालच्या मजल्यावरचे हेडक्लार्क. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत. त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या निवृत्तांचा मेळावा होता आणि त्यात त्यांचं भाषण होतं. भाषण हा त्यांचा जीव की प्राण. दोन्ही हात हवेत फिरवत, टेबलावर मूठ आपटत ते बोलत आणि ऐकणारे पाण्याचे ग्लास आधीच बाजूला करून ठेवत. त्यांनी पांढरं शुभ्र कापड आणलं होतं.

"असा शिव," ते म्हणाले, "की स्टेजवर उभा राहिलो की मागच्या रांगेतल्यांनी विचारलं पाहिजे, कुठून घेतला?"

"काका, मी जरा..." कॉलरबाईने सुरुवात केली.

"अहो, तिचा हातच तसा आहे," सासूबाई मधेच म्हणाल्या. "चार दिवसांत देईल."

झालं. मशीन माळ्यावरून खाली आली, तेलपाणी झालं. कॉलरबाईने नवऱ्याचा एक शर्ट गुपचूप उसवला, आतून कसा असतो ते बघायला. उसवल्यावर तिच्यापुढे तुकड्यांचा ढीग पडला. त्यातली कॉलर तेवढी ओळखीची वाटली, बाकी सगळे परके. तिने तुकडे कापडावर ठेवून माप काढलं. पण नवरा होता अंगाने दांडगा आणि हेडक्लार्क होते काडीपैलवान, म्हणून सगळीकडून थोडं थोडं कमी केलं. जिथे कमी करू नये तिथेही केलं. मुंढा, म्हणजे जिथे बाही खांद्याला जोडतात तो गोल, तो तिने इतका घट्ट बेतला की तिला स्वतःलाच शंका आली. बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू असते हे तिला तेव्हा कळलं जेव्हा दोन्ही बाह्या लावून झाल्या होत्या. पुन्हा उसवायला गेली तर कापड फाटायला लागलं. नवऱ्याचा तो उसवलेला शर्ट परत काही जुळला नाही. नवरा तो पुढचे दोन-तीन दिवस कपाटात शोधत होता.

कॉलर मात्र तिने मन लावून केली. त्या दोन तासांत तिला सगळ्याचा विसर पडला.

शेवटी तिने शर्टाला इस्त्री केली आणि कारखान्यात घालतात तशी घडी घातली. बाह्या मागे, खालचा भाग मागे, वर फक्त कॉलर, ताठ, सुरेख, दोन्ही टोकं जुळ्या भावंडांसारखी. घरातले सगळे बघतच राहिले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा म्हणाला, "अगं, हा तर दुकानातला वाटतो." आणि हेडक्लार्कनी घडी न मोडता शर्ट घरी नेला. नवा शर्ट मेळाव्याच्या दिवशीच अंगात घालायचा, हा त्यांचा नेम होता.

मेळाव्याचा दिवस कॉलरबाईने कसा काढला ते तिलाच ठाऊक. भांडी घासताना हातातून कप निसटला. मुलीने हिमोग्लोबिनबद्दल काहीतरी विचारलं तर हिने "बाही" असं उत्तर दिलं.

दुपार कलली आणि जिन्यात पावलं वाजली. दार उघडंच होतं. हेडक्लार्क मेळाव्याहून थेट आले होते, तोच शर्ट घालून दारात उभे होते. दोन्ही हात अंगाला चिकटलेले, खांदे कानांपर्यंत आलेले.

"सूनबाई," ते म्हणाले, "जरा बघ." आणि त्यांनी हात वर करून दाखवला. हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. त्याच्याबरोबर अख्खा शर्ट वर आला आणि पोट उघडं पडलं. मग त्यांनी दुसरा हात करून दाखवला. तोही तसाच.

घरात सगळे होते. मुलीने तोंडावर वही धरली, पण वहीमागून आवाज येत होताच.

"काका, मला शर्ट येत नाही," कॉलरबाई म्हणाली. बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "मला कधीच येत नव्हता. मी सतरा वर्षं फक्त कॉलर शिवली. बाकीचं दुसरे शिवायचे. मला बाही कशी लावतात तेसुद्धा माहीत नाही. तुमच्या कापडाचे पैसे मी देईन, आत्ता नाहीत, पण देईन."

सासूबाई पलंगावर सरळ होऊन बसल्या. "म्हणजे मी एवढी वर्षं बिल्डिंगभर सांगत होते ते काय?"

"ते तुम्ही सांगत होता, आई. मी नव्हते सांगत."

हेडक्लार्क शर्टातून बाहेर पडायची खटपट करत म्हणाले, "कापडाचं राहू दे. मला आधी यातून सोडवा." नवऱ्याने मागून बाह्या ओढल्या आणि त्यांची सुटका केली. बनियनवरच ते जिना उतरून गेले. शर्ट मात्र बगलेत मारून नेला.

सगळे आपापल्या कामाला लागल्यावर नवरा तिच्याजवळ येऊन बसला. हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"माझा निळा शर्ट," तो म्हणाला. "तो तूच..."

"हो."

"बरं." त्याने शर्टाचा विषय तिथेच सोडला. "मला एवढंच सांग, तू हे लॅबचं शिक्षण का घेतलंस? पगार बरा असतो म्हणून, असंच म्हणाली होतीस."

"पगार असतोच बरा," ती म्हणाली. मग तिने खरं ते सांगितलं. मागे एकदा तिचं रक्त तपासायला दिलं होतं. लहानशी लॅब, एकच बाई. तिनेच रक्त काढलं, तिनेच काचेवर घेतलं, तिनेच मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, तिनेच रिपोर्ट लिहून हातात दिला. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने. मी बाकावर बसून नुसती बघत होते. मला वाटलं, असं काहीतरी एकदा आपल्याला यायला पाहिजे."

"मग ते सोडू नकोस," तो म्हणाला. पण कसं न सोडायचं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

शेवटी तिनेच निर्णय घेतला. बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानात माल लावायला बायका हव्या होत्या. वेळ दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत, म्हणजे वर्ग बुडणार ते बुडणारच. तिने होकार कळवला. सोमवारपासून या, म्हणाले. त्याआधी एकदा कॉलेजात जाऊन सरांना तोंडाने सांगावं, नुसतं गायब होऊ नये, म्हणून ती गेली. प्रयोगशाळेचे सर काचेच्या नळ्या धूत होते. तिने सांगितलं. वर्ग सोडते, म्हणाली.

सरांनी नळ बंद केला. "शेवटच्या तारखेपर्यंत तुमचं नाव राहील," ते म्हणाले. "त्याआधी काढायची मला काही घाई नाही. तुम्हाला आहे का?"

"नाही," ती म्हणाली. घरी येताना बसमध्ये तिला रडू आलं. शेजारच्या बाईने काही न विचारता खिडकीकडची जागा दिली, ते बरं झालं.

सोमवार उजाडायच्या आत हेडक्लार्क पुन्हा आले. या वेळी हात सुटे होते आणि काखेत कापडी पिशवी होती. कॉलरबाई त्यांना बघून दारामागे सरकली.

"लपू नकोस, मी भांडायला नाही आलो. मेळाव्यात काय झालं ते तरी ऐक," ते खुर्चीत बसत म्हणाले. "भाषणाला उभा राहिलो आणि हात हलेना. काय करणार? हात बांधून बोललो, एकेक शब्द सावकाश. लोकांनी एवढ्या टाळ्या कधी दिल्या नव्हत्या. अध्यक्ष म्हणाले, वयाबरोबर काय संयम आलाय! आणि नंतर चारजणांनी विचारलं, कॉलर कुठे शिवली? शर्ट नाही हं. कॉलर."

मुलगी पुन्हा वहीमागे गेली.

हेडक्लार्कनी पिशवी उलटी केली. आतून पाच-सहा शर्ट निघाले. सगळे जुने पण धडधाकट, बटणं जागच्या जागी, रंगही टिकलेला. फक्त प्रत्येकाची कॉलर गळ्याशी झिजून तिचे धागे निघालेले. "शर्ट मरतो तो इथूनच," ते गळ्यावर बोट ठेवून म्हणाले. "बाकी सगळं वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या वेळचे टेलर कॉलर उसवून उलटी करून द्यायचे, झिजलेली बाजू आत. आता करतच नाही कुणी, नवीन घ्या म्हणतात. तुला येईल?"

कॉलरबाईने वरचा शर्ट उचलला. घडीवरून अंगठा फिरवला. कॉलर ताठ ठेवणारं आतलं कॅनव्हास शाबूत होतं. हे तिला झोपेत आलं असतं.

"उद्या न्या," ती म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. पण काका, मी बाहीला हात लावणार नाही."

"देवाशपथ लावू नकोस," हेडक्लार्क म्हणाले.

तिथून पुढे जे झालं ते हळूहळूच झालं, पण झालं. हेडक्लार्कचे कपडे कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्रीला जायचे. लाँड्रीवाल्याने ते शर्ट ओळखले आणि कॉलरी ओळखल्या नाहीत. त्याच्या इस्त्रीखालून रोज गावभरचे झिजलेले गळे जायचे आणि गिऱ्हाइकं ते त्याच्याच माथी मारायची, "तुमच्या इस्त्रीने गेली कॉलर." त्याचा एका दगडात दोन पक्षी मारण्याचा स्वभाव होता. त्याने दुकानात कॉलरबाईचं काम सांगायला सुरुवात केली आणि आपलं थोडं कमिशन ठेवलं. ते त्याने जरा जास्तच ठेवलं. कॉलरबाईने चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी स्वतः जाऊन ते खाली आणलं. सकाळी शर्टांचं बोचकं यायचं, दुसऱ्या सकाळी परत जायचं. संध्याकाळ तिची तिला मोकळी. मोठ्या दुकानाकडून तिने आठवडाभराची मुदत मागून घेतली होती, आता त्यांना सरळ नकार कळवून टाकला.

एकदा काजवाली भेटायला आली. तिनेही घरी मशीन मांडली होती आणि तिची तऱ्हा अगदी हीच. मावसभावाचा शर्ट शिवला, काजं अशी की बघत राहावं, पण शर्ट घातला की माणूस एका बाजूला कललेला दिसायचा. दोघी पोट धरधरून हसल्या. हसताना काजवालीला रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. "अगं, मला वाटलं मी एकटीच अडाणी," ती म्हणाली. तुटक्या बटणांचे आणि सैल काजांचे शर्ट तेव्हापासून तिच्याकडे जायला लागले.

सासूबाईंचं नुकसान मात्र मोठं होतं. बिल्डिंगीत त्यांची पत गेली होती. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या जिन्यात शेजारणीला ठणकावून सांगत असलेल्या ऐकू आल्या, "शर्ट काय, कुणीही शिवतं. आमची सून फक्त कॉलर करते."

एवढं सगळं होऊनही फी पुरी जमली नव्हती. महिनाअखेर आली, कारखान्यातले हिशेबाचं अजून कळवतच होते, आणि डब्यात जमलेले पैसे निम्म्याच्या थोडे वर. नवऱ्याने कुणाकडून उसने आणू का विचारलं. ती नको म्हणाली. शेवटच्या दिवशी ती कॉलेजात गेली ती फी भरायला नाही, निम्मे पैसे घेऊन विनवणी करायला. वाटेत वाक्यं जुळवत होती. माझी परिस्थिती अशी आहे, मी कधी कुणापुढे हात पसरला नाही, एवढा महिना सांभाळून घ्या. खिडकीपुढे रांग होती. तिचा नंबर आला.

"मॅडम, माझे पैसे पूर्ण..."

"दोन हप्त्यांत भरणार का?" खिडकीतल्या बाईंनी वर न बघता विचारलं.

"तसं चालतं?"

"निम्मा वर्ग तसाच भरतो. दुसरा हप्ता परीक्षेच्या आधी द्या. तुम्ही गेल्या वर्षी का नाही विचारलंत?"

कॉलरबाईला हसावं की रडावं कळेना. महिनाभर तिने जे ओझं वाहिलं होतं त्यातलं निम्मं या एका प्रश्नाने उतरलं असतं. पण विचारायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कारखान्यात समोर येईल ते शिवायचं, विचारायचं काही नाही. तिने पैसे पुढे सरकवले. बाईंनी पावती फाडली, शिक्का मारला. ती पावती घेऊन ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. येणारीजाणारी पोरं वळसा घालून जात होती. एकीने विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?"

"खूप बरं वाटतंय," ती म्हणाली.

वर प्रयोगशाळेत त्या दिवशी दुसऱ्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. पहिल्या वर्षी मायक्रोस्कोप कमी म्हणून चौघाचौघांचे गट असायचे. एकजण रक्त काढणार, दुसरा काचेवर पसरवणार, तिसरा रंग देणार, चौथा मोजणार. कॉलरबाईचा हात स्थिर म्हणून गटाने तिला वर्षभर पसरवायलाच लावलं होतं. तिच्या काचा सगळ्यात सुंदर यायच्या आणि त्यावर काय दिसतं हे तिला दुसऱ्यांकडून कळायचं. या वर्षी सरांनी गट मोडले होते. ज्याचं त्याने करायचं.

शेजारच्या मुलाने हात पुढे केला. तिने त्याच्या बोटाला सुई टोचली, तो "अगं आई" म्हणाला, तिने "झालं, बाळा" म्हटलं. थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने एका झटक्यात पसरवला. वाळू दिला. रंग टाकला, धुतला. पहिल्यांदा रंग फार गडद झाला म्हणून टाकून दिलं आणि नव्याने केलं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावला. आधी नुसतं धुकं. तिने बाजूचा स्क्रू फिरवला आणि एकदम सगळं स्पष्ट झालं. गुलाबी चकत्यांच्या गर्दीत मधूनच एखादी जांभळ्या ठिपक्याची पेशी. तिने मोजायला सुरुवात केली. मधे एकदा मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कागदावर आकडे मांडले. बाकीची पोरं दप्तरं उचलून गेली तरी ती बसलेली होती.

सर आले. त्यांनी काच भिंगाखाली नीट केली, डोळा लावला, बराच वेळ पाहिलं. मग तिचा कागद उचलला.

"रक्त कुणी काढलं?"

"मी."

"रंग?"

"मीच. पहिला चुकला, हा दुसरा."

"आणि मोजलं कुणी?"

कॉलरबाईने त्यांच्या हातातल्या कागदावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. सर थांबले. त्यांना घाई नव्हती.

"मीच, सर," ती म्हणाली. "सगळं मीच केलं."

"मग खाली सही करा," सर म्हणाले आणि स्वतःचा पेन तिच्या हातात दिला.